डोंगरातला हंसराज आणि विहिरीची कोथिंबीर



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्रासोबत कागदावर चिकटपट्टीने लावलेली तीन वाळकी पाने होती. भगिनी लिहितात की ऑगस्टमध्ये सारे कुटुंब वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला गेले होते. वाटेत पाणी झिरपणाऱ्या एका दरडीजवळ गाडी थांबली. काळ्या चकचकीत देठाची, नाजूक पानांची हिरवी झालर दरडीवर लोंबत होती. सासूबाईंनी ती पाहिली आणि त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "हा तर आपला हंसराज! हकीमसाहेब ज्याला परसियावशां म्हणायचे तो. माझ्या माहेरी जोशांद्यात हाच पडायचा." मग काय, लहान-थोर सगळ्यांनी मिळून दोन पिशव्या भरल्या. घरी आणून पंख्याखाली चादरीवर वाळवल्या. आता भगिनींचे दोन प्रश्न आहेत. हा खरोखरच हंसराज आहे का? आणि थोरली मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, तिला सातवा महिना लागला आहे, खोकला जात नाही, तर तिला याचा जोशांदा द्यावा का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. देऊ नये. वनस्पती खरी असो वा खोटी, गरोदरपणात देऊ नये. युनानी ग्रंथांत परसियावशांचे जे गुण सांगितले आहेत त्यांत कफ सुटवणे आणि लघवी साफ करणे यांच्याबरोबर मासिक पाळी आणणे हाही एक गुण आहे. हकीम लोक त्याला 'मुदिर्र-ए-हैज' म्हणतात. ज्या औषधाचा हा गुण सांगितला आहे ते गरोदर बाईला घरच्या घरी उकळून पाजायचे नसते, हे जुन्या काळचा कोणताही जाणता हकीम सांगेल. मुलीला डॉक्टरांकडे न्यावे, तोवर कोमट पाणी आणि विश्रांती पुरे. सासूबाईंच्या माहेरचा जोशांदा ज्याने दिला तो रोग्याची नाडी पाहून देत होता, ही गोष्टही लक्षात घ्यावी.

आता पहिला प्रश्न. त्याला जरा सवडीने उत्तर द्यायला हवे.

हंसराज हा नेचा आहे. उर्दू बोलणाऱ्या घरात नैचा म्हटले की हुक्क्याची नळी डोळ्यांसमोर येते, पण मराठीत नेचे म्हणजे फुले, फळे, बिया यांपैकी काहीही न येणाऱ्या वनस्पतींचे एक मोठे खानदान. कोवळे पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले वर येते आणि हळूहळू उलगडते, ही त्यांची पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे पानाच्या मागच्या बाजूला धरणारी तपकिरी पूड. ही पूड म्हणजे बीजाणू. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून नखाहून लहान, बदामाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते. त्या पापडीवर नर आणि मादी पेशी असतात, आणि नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहत जावे लागते. होय, पोहत. पाण्याचा पातळ पापुद्रा नसेल तर नेच्याचा पुढचा वंशच नाही. म्हणून तर वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर किंवा आंबोलीचा घाट ही नेच्यांची माहेरघरे आहेत. वरच्या जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या काळ्या कातळाशी येऊन अडते, कडेला पाझरते, आणि त्या पाझरावर नेचे गर्दी करतात.

गर्दी करतात, हीच आपली अडचण. एकाच दरडीवर पाच-सहा जातींचे नेचे शेजारी-शेजारी वाढतात, त्यांतल्या दोन-तीन जातींचे देठ काळे आणि चकचकीत असतात, आणि गाडीतून उतरलेल्या माणसाला ते सगळे एकच वाटतात.

सह्याद्रीत आपल्याकडे ज्याला हंसराज म्हणतात त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅडियांटम फिलिपेन्स. लिनियसने ते 1753 साली दिले. त्याच नेच्याला डच वनस्पतिशास्त्रज्ञ बर्मन याने 1768 मध्ये दिलेले लुनुलाटम हे नाव आम्हाला अधिक आवडते. लुनुला म्हणजे लहानसा चंद्र. या नेच्याची एकेक पर्णिका अगदी अर्ध्या चंद्रासारखी असते. ईदचा बारीक हिलाल नव्हे, इस्लामी महिन्याच्या सातव्या रात्री दिसतो तसा अर्धा चांद. खालची कड जवळजवळ सरळ, वरची कड गोलाकार आणि किंचित कातरलेली. मराठीत त्याला घोडखुरी असेही म्हणतात, कारण कुणाला त्यात चंद्राऐवजी घोड्याचा खूर दिसला. ज्याने हे नाव ठेवले तो माणूस आमच्या मते चांगला निरीक्षक होता.

एका लांब काळसर दांडीच्या दोन्ही बाजूंना असे अर्धे चंद्र ओळीने लागलेले असतात. प्रत्येक चंद्राला स्वतःचा केसासारखा बारीक, काळा देठ असतो, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की सगळी पाने एकाच वेळी थरथरतात. पर्णिकेला मधली शीर नसते. देठापासून शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या फुटत वरच्या कडेपर्यंत जातात. पानावर लव नसते. पूर्ण पान वीतभर ते हातभर लांब असते. जूनच्या पहिल्या पावसात ते उगवते, ऑगस्ट-सप्टेंबरात भरात येते, आणि दिवाळीनंतर कडा कोरडा पडला की वाळून जाते. जमिनीतला छोटासा गड्डा पुढच्या पावसाची वाट पाहतो.

आता पान उलटे करावे. येथे हंसराज स्वतःची ओळख पक्की करून देतो. पर्णिकेच्या वरच्या गोल कडेवर एक अरुंद पट्टी मागे दुमडलेली दिसते, साडीच्या काठाला फॉल लावावा तशी. ऑगस्टच्या अखेरीस ती तपकिरी होते. टाचणीच्या टोकाने ही पट्टी हळूच उचलली आणि भिंगातून पाहिले, तर बीजाणूंच्या इवल्या पिशव्या पट्टीच्या आतल्या अंगाला चिकटलेल्या दिसतात. पानाला नव्हे, पट्टीला! दुमडलेली कड इतरही काही नेच्यांना असते, पण त्यांत पिशव्या पानावर असतात आणि दुमड त्यांच्यावर नुसते पांघरूण घालते. अ‍ॅडियांटम कुळात पांघरुणालाच पिशव्या लागलेल्या असतात. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. आमच्या वर्गातल्या मुलांना हे एकदा दाखवले की ती पुढे कधी विसरत नाहीत, आणि घरी जाऊन अम्मीच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी पळवतात, अशा तक्रारी आमच्याकडे येतात.

आणखी एक खूण ताज्या पानाची. पान पाण्यात बुडवावे. ते आत चांदीसारखे चमकते आणि बाहेर काढले की कोरडे निघते. अळवावरचे पाणी आपण म्हणतो, तसेच हे. अ‍ॅडियांटम या नावाचा ग्रीक अर्थच 'न भिजणारे' असा आहे. दरडीवरून दिवसरात्र पाणी ठिबकत असताना ज्या पानाला जगायचे आहे त्याला ही सोय अल्लाहने दिली. नाहीतर ते नाजूक पान पाण्याच्या भाराने सडून गेले असते.

पण आमची सर्वांत लाडकी खूण निराळीच आहे. हंसराजाच्या पानाची दांडी टोकाशी पर्णिका संपल्यावरही थांबत नाही. ती नागव्या दोऱ्यासारखी पुढे वाढते, वाकते, कातळाला टेकते आणि टेकते तिथे मूळ धरते. तिथे नवे रोप होते. त्या रोपाचे पान पुन्हा पुढे वाकते. असा हा नेचा एकेक वीत चालत दरड ओलांडतो. बीजाणूंचा मार्ग आहेच, पण हा दुसरा मार्ग त्याने हाताशी ठेवला आहे.

आता नावांकडे वळू, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे.

परसियावशां हा शब्द वाचून मुले विचारतात की हे परसिया म्हणजे इराण का? नाही. शब्द असा फोडायचा नाही. 'पर' म्हणजे पीस आणि 'सियावशान' हा सियावुश या राजपुत्राच्या नावातून आलेला भाग. फिरदौसीच्या शाहनाम्यातला हा निष्पाप राजपुत्र तूरानच्या अफ्रासियाबच्या हुकमाने मारला जातो आणि त्याचे रक्त सांडले तिथे एक वनस्पती उगवते, अशी ती कथा. इराणी लोकांनी ते नाव या नेच्याला दिले. अरबीत त्याची दोन नावे विशेष प्रसिद्ध आहेत. एक 'शअरुल-जिन', म्हणजे जिन्नाचे केस. काळ्या बारीक देठांचा झुपका पाहिला की हे नाव पटते. गंमत अशी की लॅटिनमध्येही त्याला केसच म्हटले आहे, कॅपिलस व्हेनेरिस, म्हणजे व्हीनस देवीचे केस. केस दिसले म्हणून तो केस गळण्यावरही लावला गेला. हे जुने ग्रंथ सांगतात, तरी आम्ही त्यावर विसंबून डोक्याला काही चोळणार नाही.

अरबीतले दुसरे नाव 'कुजबरतुल-बिअर'. कुजबरा म्हणजे कोथिंबीर आणि बिअर म्हणजे विहीर. विहिरीची कोथिंबीर! बगदाद-दमास्कसच्या बाजूला हा नेचा विहिरींच्या ओल्या भिंतींवर, आतल्या चुन्याच्या दर्जांत उगवतो, आणि त्याची पाने खरोखर कोथिंबिरीसारखी दिसतात. येथे थांबून विचार करावा. आपल्या घोडखुरीची पाने कोथिंबिरीसारखी आहेत का? मुळीच नाहीत. ती अर्ध्या चंद्रासारखी आहेत, एका दांडीवर एका ओळीत. कोथिंबीर तर फाटे फुटून फाट्यांना पुन्हा फाटे अशी असते.

म्हणजे युनानी ग्रंथांतला मूळ परसियावशां निराळा आणि आपल्या डोंगरातला हंसराज निराळा. दोघे एकाच कुळातले, सख्ख्या बहिणी म्हणा, पण एक नव्हेत. ग्रंथांतला आहे अ‍ॅडियांटम कॅपिलस-व्हेनेरिस. तो भूमध्य समुद्राच्या काठापासून इराणपर्यंत आणि पुढेही पसरलेला आहे. आपल्याकडेही तो वर्षभर पाझर न आटणाऱ्या काही जागी आढळतो. त्याची दांडी दोनदा-तीनदा फाटते, पर्णिका पंख्यासारख्या आणि बुडाशी निमुळत्या असतात, तो टोकाने मूळ धरून चालत नाही. जमिनीत त्याचे खोड आडवे सरकते. चुन्याची त्याला आवड आहे, म्हणून जुन्या बांधीव विहिरींत पाहावा.

हिंदुस्थानात युनानी आणि आयुर्वेद शेजारी-शेजारी नांदले. हकिमांनी परसियावशां मागितला, जंगलातून पाला आणणाऱ्याने हंसराज दिला, अत्तारांनी दोन्ही नावे एकाच डब्यावर लिहिली. त्यात कुणी कुणाला फसवले असे आम्ही म्हणणार नाही. कुळ एक होते, काळा देठ एक होता, काम चालत होते. परंतु आज शहरात अत्ताराच्या दुकानी मिळणारी हंसराजची जुडी उघडून पाहिली तर तीत अनेकदा तिसरीच बहीण निघते, हिमालयातली अ‍ॅडियांटम व्हेनुस्टम. काश्मीर आणि त्याच्या आसपासच्या थंड डोंगरांतली ही वनस्पती फार बारीक पानांची असते. दांडीला तीन-चार वेळा फाटे फुटलेले असतात. तेव्हा डोंगरावरचा हंसराज आणि बाजारातला हंसराज शेजारी ठेवून, हे जुळत का नाही, असे म्हणत बसू नये. ते जुळणारच नाहीत.

वनस्पती ओळखण्यातला हा घोळ आपल्या जुन्या विद्वानांना चांगला माहीत होता. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या वनस्पतिग्रंथाचे अरबी भाषांतर नवव्या शतकात बगदादेत इस्तिफान इब्न बासील याने केले आणि ते हुनैन इब्न इसहाक याने तपासून सुधारले. ज्या ग्रीक नावांना अरबी प्रतिशब्द सापडले नाहीत ती तशीच ठेवली गेली, या आशेने की पुढे कुणी जाणकार ती वनस्पती पाहील आणि नाव देईल. त्या आशेला उत्तर देणाऱ्यांत मोठे नाव इब्न अल-बैतार यांचे. हे मलागाचे, म्हणजे अंदलुसचे. सुमारे 1219 पासून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने वनस्पती पाहत, गोळा करत ते पूर्वेकडे निघाले, इजिप्तच्या सुलतान अल-कामिलच्या पदरी वनौषधींचे प्रमुख झाले आणि 1248 मध्ये दमास्कसला वारले. त्यांच्या 'अल-जामिअ' या ग्रंथात सुमारे 1,400 औषधी द्रव्ये आणि खाद्ये अक्षरक्रमाने दिली आहेत. आधीच्या लेखकांनी काय लिहिले आणि स्वतः काय पाहिले, हे ते वेगवेगळे ठेवतात. आठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस झाडापुढे बसून ग्रंथ ताडून पाहत होता. आज आपल्या मोबाइलवर येणारे नुस्खे पुढे पाठवणाऱ्यांनी निदान त्या झाडाचा फोटो तरी नीट पाहावा, एवढीच आमची माफक अपेक्षा.

आणखी दोन बहिणींची नावे घेऊन हे घराणे संपवू. अ‍ॅडियांटम इन्सिसम हीसुद्धा आपल्या डोंगरांत दिसते आणि तिचेही टोक मूळ धरते, म्हणून ती घोडखुरी समजली जाते. तिची दांडी आणि पाने हाताला केसाळ लागतात, पर्णिका दाटीने, जवळजवळ देठाविना लागलेल्या असतात आणि वरची कड खोल कातरलेली असते. बोट फिरवले की फरक कळतो. दुसरी बहीण परदेशी. रोपवाटिकेत मेडनहेअर म्हणून कुंडीत विकतात ती बहुधा अ‍ॅडियांटम रॅडियानम, मूळची दक्षिण अमेरिकेची. ओलावा मिळाला की ती कुंडीबाहेर भिंतीवरही रुजते, आणि ग्रंथांतल्या कोथिंबिरीसारख्या परसियावशांशी तिचे रूप इतके मिळते की भले भले फसतात. येथे भिंग काढावे. पर्णिकेच्या कडेला बारीक दाते असतात. शीर जर दात्याच्या टोकात जाऊन संपत असेल तर तो कॅपिलस-व्हेनेरिस, आणि दोन दात्यांमधल्या खाचेत संपत असेल तर तो कुंडीतला पाहुणा. पाहुण्याच्या मागच्या दुमडी गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या असतात, मूळ परसियावशांच्या लांबट.

कुळाबाहेरच्या सोंगाड्यांपैकी पहिला आणि सर्वांत सामान्य म्हणजे चंदेरी नेचा. घाटातल्या प्रत्येक कापलेल्या दरडीवर हा हंसराजाच्या खांद्याला खांदा लावून असतो. देठ तसाच काळा, तसाच चकचकीत. पण पान अखंड, त्रिकोणी, खोल नक्षीचे, त्याला मधली शीर स्पष्ट, आणि उलटे केले की सारा मागचा भाग पांढऱ्या भुकटीने माखलेला. डोंगरातली मुले हे पान मनगटावर ठेवून वरून थाप मारतात, की पानाची पांढरी नक्षी हातावर उमटते. मेंदीच्या आधीची मेंदी म्हणा. खेळायला उत्तम आहे, पण जोशांद्यात टाकायचा नाही.

दुसरा, टेरिस व्हिट्टाटा. शिडीच्या पायऱ्यांसारखी लांब अरुंद पाती, शहरातल्या जुन्या भिंती, गटारांचे कठडे, पडक्या विहिरी, सगळीकडे. याचे देठ काळे चकचकीत नसतात, त्यामुळे नीट पाहणारा फसत नाही. तरी त्याचा उल्लेख मुद्दाम करतो. हा नेचा मातीतला आर्सेनिक म्हणजे सोमल शोषून पानांत साठवतो, हे शास्त्रज्ञांनी 2001 साली दाखवून दिले. दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, म्हणून तो जगभर गाजला. भिंतीवरचा कुठलाही हिरवा नेचा 'देशी औषध आहे' म्हणून उकळणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

तिसरा, ब्रॅकन. महाबळेश्वरच्या उघड्या उतारांवर हा कमरेएवढा, राठ, मोठ्या त्रिकोणी पानांचा नेचा पसरतो. पूर्ण वाढलेला ब्रॅकन कुणी हंसराज समजणार नाही, पण कोवळे कोंब आणि वाळून चुरा झालेली पाने यांचे काही सांगता येत नाही. याची कडही मागे दुमडते, मात्र पिशव्या पानावर असतात, पट्टीवर नव्हे. वर सांगितलेली टाचणीची परीक्षा येथे कामी येते. ब्रॅकनमध्ये टॅक्विलोसाइड नावाचे विष असते. तो चरणाऱ्या गुरांना रक्ताची लघवी आणि मूत्राशयाचा कर्करोग होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करू शकणाऱ्या संभाव्य गोष्टींच्या यादीत त्याचे नाव घातले आहे.

आता पत्रातल्या तीन पानांकडे येऊ. पहिली दोन पाने घोडखुरीची आहेत. पर्णिका वाळून चुरगळल्या आहेत, तरी अर्धचंद्राचा आकार, प्रत्येकीचा स्वतंत्र बारीक देठ आणि वरच्या कडेची तपकिरी पट्टी स्पष्ट दिसते. एका पानाचे टोक दोऱ्यासारखे लांबलेलेही आहे. सासूबाईंची नजर पारखी आहे, त्यांना आमचा सलाम सांगावा. तिसऱ्या पानाने मात्र कागदावर पांढरा ठसा उमटवला आहे. चिकटपट्टी काढल्यावर पट्टीलाही भुकटी आली. तो चंदेरी नेचा आहे. तीन पानांत एक, तर दोन पिशव्यांत किती, याचा हिशेब घरच्यांनीच करावा. सासूबाईंनी एक झाड ओळखले, आणि मग सगळ्यांनी मिळून काळ्या देठाचे जे दिसेल ते तोडले, असे झालेले दिसते. वाळल्यावर हे निवडणे फार जिकिरीचे. म्हणून त्या पिशव्यांचा जोशांदा घरातल्या कुणासाठीच करू नये. कुंड्यांच्या खतात घालाव्यात, तेवढेच पुण्य. खोकल्यावर परसियावशां हवाच असेल तर युनानी पदवी असलेल्या हकिमाकडे जावे, औषध आणि मात्रा दोन्ही त्यांनी ठरवावी.

आणि एक विनंती. एका दरडीवरची हंसराजाची झालर दोन पिशव्यांत मावते, पण तिला तयार व्हायला बरेच पावसाळे लागतात. उपटताना गड्डा निघून आला तर ती जागा पुढच्या वर्षी उघडी राहते, आणि उघड्या ओल्या मातीवर आधी कोण येईल हे सांगता येत नाही. कोयना, राधानगरी यांसारख्या अभयारण्यांत तर परवानगीविना पानही तोडणे कायद्याने मना आहे. ओळखण्यासाठी एक पान पुरते. तेही मोठ्या जोमदार रोपाचे, देठाशी कापून घेतलेले. वहीत ठेवण्यापूर्वी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथे ठेवावे, वर भांडे झाकावे. सकाळी पान उचलले की अर्ध्या चंद्रांच्या कडांची तपकिरी नक्षी कागदावर उमटलेली असते. मुलांकडून त्याच्याखाली तारीख, जागा, आणि हंसराज, घोडखुरी, परसियावशांची बहीण अशी सगळी नावे मराठीत आणि उर्दूत लिहून घ्यावीत. आमच्या शाळेत अशा पंधरा-वीस वह्या झाल्या आहेत. नस्तालीकमध्ये 'शअरुल-जिन' लिहायला मुले एका पायावर तयार असतात. जिन्नाचे नाव आहे ना!

ज्यांना हंसराज घरीच हवा आहे त्यांच्यासाठी एक सोपा उपाय आहे. गावाकडे कुणाच्या विहिरीवर किंवा परसातल्या ओल्या दगडावर तो असेल, तर त्यांच्या परवानगीने ऑगस्टमध्ये एक लहान कुंडी घेऊन जावे. कुंडीत पालापाचोळ्याचे खत, वाळू आणि विटेचा चुरा भरावा, आणि ती रोपाजवळ अशी ठेवावी की पानाचे लांबलेले टोक कुंडीतल्या मातीला टेकेल. टोकावर छोटा खडा ठेवावा म्हणजे ते हलणार नाही. तीन-चार आठवड्यांत मूळ धरले आणि गुंडाळलेले नवे पान दिसले की दांडी कापावी. मूळ रोप जागेवर राहते, आपले रोप आपल्याबरोबर येते. कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत, थेट ऊन लागणार नाही अशी ठेवावी. दिवाळीनंतर पाने वाळली तर रोप मेले असे समजून कुंडी फेकून देऊ नये. माती किंचित ओलसर ठेवावी आणि जूनपर्यंत थांबावे.